मिलोस: ठिकाणं ठरवा, वार वाऱ्यावर सोडा

मिलोस या ग्रीक बेटावर कुणालाही विचारा, "आज कुठल्या किनाऱ्यावर जाऊ?" उत्तर देण्याआधी समोरचा माणूस झाडाच्या शेंड्याकडे नाहीतर बंदरातल्या झेंड्याकडे बघणार. वारा उत्तरेचा असेल तर एक उत्तर, दक्षिणेचा असेल तर बरोबर उलटं. कोकणात होडी घालणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. पण घरूनच तक्ता करून निघालेल्या आपल्यासारख्यांची यावर पंचाईत होते. सोमवारी साराकिनिको, मंगळवारी फिरिप्लाका असं ठरवून गेलात की निम्मे दिवस लाटांचे फटके खाण्यात जातात. ठिकाणांची यादी जरूर न्या. कुठल्या वारी कुठे, ते मात्र तिथे पोचल्यावर ठरू द्या.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तयारी कशी करावी, ते याच क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: बेटाचा आकार डोक्यात बसवा

मिलोस हे ग्रीसच्या सिक्लाडीस द्वीपसमूहाच्या नैऋत्य टोकाचं बेट. क्षेत्रफळ साधारण दीडशे चौरस किलोमीटर, कायमची वस्ती पाच हजारांच्या आसपास. नकाशात ते घोड्याच्या नालेसारखं दिसतं आणि नालेचं तोंड वायव्येला उघडतं. मधली जागा म्हणजे भूमध्य समुद्रातल्या मोठ्या नैसर्गिक बंदरांपैकी एक. आतल्या बाजूला अदामास हे बंदराचं गाव. त्याच्या वरच्या टेकडीवर प्लाका ही बेटाची राजधानी आणि तिला चिकटून त्रिपिती, त्रिओवासालोस ही गावं. ईशान्य टोकाला पोलोनिया. नालेचा पूर्वेकडचा भाग माणसांचा, पश्चिमेकडचा शेळ्यांचा, सापांचा आणि धुळीच्या रस्त्यांचा. बेटावरचा सर्वांत उंच डोंगर, प्रोफितिस इलियास, पश्चिमेलाच आहे. उंची साडेसातशे मीटरच्या घरात.

एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं. उत्तरेचे किनारे एका बाजूला, दक्षिणेचे दुसऱ्या बाजूला, आणि गाडीने एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला अर्धा-पाऊण तास. वाऱ्याने पाठ फिरवली की तुम्हीही फिरवायची.

दुसरी पायरी: दगड वाचायला शिका

ही पायरी प्रवासाच्या पुस्तकांत शेवटी असते. मी ती मुद्दाम वर आणली आहे, कारण या बेटाचा इतिहास, किनारे आणि पोटापाण्याचा धंदा हे तिन्ही एकाच गोष्टीतून निघालेत: ज्वालामुखी.

आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच. पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या पातळ, वाहत्या लाव्हाचा. थरावर थर साचत गेले, म्हणून तो काळा आणि पायऱ्यापायऱ्यांचा. मिलोसचा लाव्हा बराचसा निराळ्या जातीचा. त्यात सिलिका, म्हणजे वाळूचं मुख्य द्रव्य, जास्त, म्हणून तो घट्ट आणि चिकट. वाहण्यापेक्षा फुटण्याकडे आणि राख उधळण्याकडे त्याचा कल. आफ्रिकेची भूपट्टी एजियन समुद्राच्या खाली सरकते आहे, आणि त्यामुळे उठलेल्या ज्वालामुखींच्या माळेत मेथाना, मिलोस, सान्तोरिनी आणि निसिरोस ही ठिकाणं येतात. मिलोसवरचे उद्रेक पंचवीस-तीस लाख वर्षांपूर्वी सुरू झाले. शेवटचे मोठे साधारण लाखभर वर्षांपूर्वीचे. भूगर्भातली उष्णता मात्र अजून शाबूत आहे. दक्षिणेच्या पालिओखोरीला वाळूत हात खुपसलात तर चटका बसतो.

पांढरा कातळ दिसला की ती दाबली गेलेली राख. पिवळा दिसला की गंधक. लाल-गुलाबी दिसला की लोह. आणि शेताच्या कडेला काळ्या बाटलीचा फुटलेला तुकडा पडल्यासारखं काही दिसलं तर ते ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काच. लाव्हा इतक्या झटकन थंड झाला की त्यात स्फटिक धरायला उसंतच मिळाली नाही, त्यातून ही काच झाली. फोडली की तिला वस्तऱ्यासारखी धार येते.

बेटाचा इतिहास याच काचेपासून सुरू होतो. दक्षिण ग्रीसच्या पेलोपोनीस द्वीपकल्पातल्या फ्रांख्थी गुहेत मिलोसच्या काचेचे तुकडे सापडलेत, सुमारे १३,००० वर्षांपूर्वीच्या थरांत. तांबं-लोखंड सोडाच, ग्रीसमध्ये तेव्हा शेतीसुद्धा नव्हती. तरी कुणीतरी कसल्यातरी तराफ्यावरून समुद्र ओलांडत होतं आणि सुरीच्या पात्यासाठी दगड आणत होतं. निखिया आणि देमेनेगाकी या इथल्या दोन जुन्या खाणींच्या जागा. तुकडा खिशात घालायचा मोह आवरा. त्यावर माणसाने काम केलेलं असेल तर तो पुरावशेष ठरतो, आणि ग्रीसमधला कायदा त्या बाबतीत कडक आहे.

खाणकाम आजही चालू आहे. बोटीतून येताना डोंगराला पडलेले पांढरे खड्डे दिसतील, ते बेंटोनाइट आणि परलाइटचे. बेंटोनाइट ही पाण्यात फुगणारी माती. ती विंधनविहिरी खोदताना आणि ओतकामात वापरतात, शिवाय मांजरांच्या शी-शूच्या ट्रेमध्येही. परलाइट आपल्या गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या चांगलं ओळखीचं: कुंडीतल्या मातीत मिसळतात ते पांढरे, हलके दाणे. हाही काचेसारखाच ज्वालामुखीचा दगड. पोटात थोडं पाणी धरून असतो, म्हणून भट्टीत तापवला की लाहीसारखा फुलतो. अदामासच्या खाण-संग्रहालयात हे सगळं नीट मांडलेलं आहे. उन्हाच्या वेळी तासभर तिथे काढा.

तिसरी पायरी: महिना निवडा, व्हिसाचं बघा

जुलैचा मध्य ते ऑगस्टअखेर टाळता आला तर टाळा. एक तर युरोपभरची सुट्टी, त्यात १५ ऑगस्टला मरियमचा मोठा सण, म्हणून खोल्यांचे भाव गगनाला भिडलेले. वर याच काळात मेल्तेमी हा उत्तरेचा वारा सलग कित्येक दिवस घोंघावतो. माझं मत विचाराल तर सप्टेंबर. समुद्राने उन्हाळाभर ऊब साठवलेली असते आणि गर्दी ओसरलेली. मे महिन्यात डोंगर हिरवे आणि फुलांनी भरलेले असतात, पण पाणी आपल्या अंगाला गार लागतं. मालवणच्या पाण्याची सवय असलेला माणूस मेमध्ये गुडघ्यापर्यंत जाऊन परत येतो. नोव्हेंबर ते मार्च बरीचशी हॉटेलं-खानावळी बंदच.

भारतीय पारपत्रावर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. उन्हाळ्यात भेटीच्या तारखा मिळत नाहीत, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, अधिक अर्जकेंद्राचा आकार. प्रवासविमा निदान ३०,००० युरोंचा हवा.

चौथी पायरी: अथेन्सहून बेटावर

दोन मार्ग आहेत. अथेन्सहून छोटं विमान पाऊण तासात पोचवतं, पण जागा थोड्या आणि सामानाची मर्यादा कडक. दुसरा मार्ग पिरेयस बंदरातून बोटीचा: वेगवान बोट तीन तासांच्या आसपास घेते, मोठी संथ बोट पाच ते सात तास. वेगवान बोटीत बहुतेक वेळ आत बंदिस्त बसावं लागतं, आणि समुद्र खवळलेला असेल तर ती जास्त हादरते. ज्यांना बोट लागते त्यांनी संथ बोट घ्यावी, मधोमध बसावं आणि गोळी आधी अर्धा तास घ्यावी. संथ बोटीच्या उघड्या डेकवर बसून कुठलं बेट मागे पडलं ते मोजत जाण्यात जी मजा आहे ती वेगवान बोटीत नाही. या मार्गावर किथनोस, सेरिफोस, सिफनोस अशी बेटं येतात आणि मग मिलोस.

अथेन्स विमानतळावरून मेट्रो थेट पिरेयसला जाते. बंदर अवाढव्य आहे. तिकिटावर लिहिलेला दरवाजा क्रमांक बघा आणि तासभर आधी पोचा. बोटीत शिरताना मोठ्या बॅगा खाली गाड्यांच्या मजल्यावरच्या फळ्यांवर ठेवायच्या असतात, बेटांच्या नावांप्रमाणे. उतरायची घोषणा झाली की लगेच खाली जा. बोट धक्क्याला काही मिनिटंच थांबते, एसटीसारखी 'थांबवा हो' म्हणायची सोय नाही.

पाचवी पायरी: मुक्काम आणि वाहन

गाडी घेणार नसाल तर अदामास. बस तिथूनच सगळीकडे सुटतात: प्लाका, पोलोनिया, आणि उन्हाळ्यात साराकिनिको, प्रोवातास, पालिओखोरी. संध्याकाळी गल्ल्यांतून भटकायची हौस असेल तर प्लाका. पण तिथे पायऱ्या फार, गुडघेदुखीवाल्यांनी विचार करावा. लहान मुलं असतील तर पोलोनिया. गावासमोरच उथळ पुळण आहे, झाऊच्या झाडांची सावली आहे, आणि चार पावलांवर जेवण.

गाडी भाड्याने घ्यायची तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना काढून न्या, मूळ परवानाही बरोबर ठेवा. रस्त्याची उजवी बाजू, म्हणजे आपल्या उलट. आता एक गोष्ट अधोरेखित करतो: भाड्याच्या करारात बहुधा लिहिलेलं असतं की पश्चिमेच्या कच्च्या रस्त्यांवर गाडी नेली तर विमा लागू नाही. सही करण्याआधी नकाशा पुढे ठेवा आणि कुठवर चालेल तिथे बोट ठेवून विचारून घ्या. चार चाकांच्या उघड्या मोटारसायकली तिथे खूप दिसतात. रेतीच्या वळणावर त्या सहज घसरतात. मी तरी साधी लहान गाडीच सुचवेन.

सहावी पायरी: रोज सकाळी वारा बघा

वाऱ्याचा जोर ग्रीक लोक बोफोरमध्ये सांगतात. 'आज सहा बोफोर' म्हटलं की आपल्याला तोफ आठवते, पण ते ब्यूफोर्ट मापनाचं त्यांचं नाव. तीनपर्यंत बेटावर कुठेही जा. चार-पाचला बाजू निवडा. सहाच्या पुढे फक्त आडोशाचा किनारा. त्याहून जोर चढला की सहलीच्या होड्या रद्द होतात, आणि जोर आणखी वाढला तर बंदर-अधिकारी मोठ्या बोटींनाही बंदी घालतात. फोनवर वाऱ्याचा अंदाज दाखवणारं कुठलंही ॲप चालेल. आकड्याइतकीच दिशा महत्त्वाची.

वारा उत्तरेचा असेल तर दक्षिणेला जा. फिरिप्लाका ही लांबलचक पुळण. मागे गुलाबी, पिवळे, राखाडी कडे उभे. छत्र्या आणि आरामखुर्च्या काही भागात पैसे देऊन मिळतात, उरलेला किनारा मोकळा. कड्याच्या सावलीत मात्र चटई पसरू नका, दगड सुटून पडतात. शेजारचं त्सिग्रादो सगळ्यांच्या फोटोंत असतं. खाली जायला कड्यातली अरुंद भेग, दोरखंड आणि शिडी एवढंच. सकाळी लवकर, हात मोकळे ठेवून, अंगात चपळाई असेल तर जा. दुपारी त्या शिडीवर दोन्ही दिशांनी रांग लागते. मूल कडेवर घेऊन हा उद्योग करू नये. वरून बघून फिरिप्लाकाला परतण्यात काही कमीपणा नाही. प्रोवातास कुटुंबांसाठी बरं. आयिया किरियाकीला झाडांची थोडी सावली मिळते.

पालिओखोरीबद्दल वर सांगितलंच. तिथे पाण्यातून बुडबुडे येतात, हवेला गंधकाचा वास असतो, आणि गरम वाळूत भांडं पुरून शिजवलेलं जेवणही मिळतं. आपल्याकडच्या वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांची आठवण येते, फक्त इथे कुंड म्हणजे अख्खा समुद्र. याच भूगर्भीय उष्णतेवर वीज बनवायचा एक प्रयोग १९८०च्या दशकात झाला. पण बाहेर पडणाऱ्या वायूंच्या दुर्गंधीने लोक चिडले आणि तो गुंडाळावा लागला.

वारा दक्षिणेचा असेल किंवा पडलेला असेल तर उत्तरेला जा, आणि पहिला मान साराकिनिकोचा. पांढऱ्या राखेचा खडक वाऱ्या-लाटांनी असा घासला आहे की चंद्रावर उतरल्यासारखं वाटतं. नाव सारासेन, म्हणजे अरब चाच्यांवरून पडलं असं सांगतात. खडकात जुन्या खाणीचे बोगदे आहेत. सावली जवळजवळ नाही, पांढऱ्या दगडावरून ऊन वरूनही भाजतं आणि खालूनही. पाणी, टोपी, घट्ट बसणारे बूट हवेतच. सकाळी सातला जा किंवा सूर्य कलल्यावर. अकरा ते चार तिथे नुसती तव्यावरची भाकरी होते. उत्तरेचा वारा असेल तेव्हा चिंचोळ्या खाडीत लाटा आदळून उसळतात. त्या दिवशी पोहायचं नाही, उड्या तर अजिबात नाहीत. २०२५च्या सुरुवातीला इथे जवळच हॉटेलसाठी खोदकाम सुरू झाल्याचं दिसलं तेव्हा ग्रीसभर ओरड झाली आणि काम थांबवावं लागलं. बेटाचा चेहरा म्हणजे हा खडक, अशी लोकांची भावना आहे.

उत्तरेलाच फिरोपोतामोस आणि मांद्राकिया या दोन इटुकल्या वाड्या आहेत. पापाफ्रागास ही दोन उभ्या कड्यांमधली पाण्याची गल्ली वरूनच बघा. कडा ढासळता आहे. नालेच्या आतल्या बाजूची खिवादोलिमनी लांब आणि उथळ, मागे खारं तळं. उन्हाळा सरताना तिथल्या वाळूत समुद्रलिली फुलतात, पांढऱ्या आणि सुगंधी. तोडू नका.

पूर्वेला थिओरिखिया ही गंधकाची जुनी खाण. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती बंद पडली; वाघिणींचे रूळ, गंजलेली यंत्रं, कामगारांच्या खोल्या तशाच आहेत, आणि समोर गोट्यांचा शांत किनारा. इमारतींच्या आत शिरू नका, छपरं कुजलेली आहेत. मला स्वतःला सगळ्या बेटावर सर्वांत जास्त वेळ बसावंसं वाटतं ते इथे.

सातवी पायरी: होडीचा दिवस पहिल्यांदा उरका

नैऋत्य कोपऱ्यातलं क्लेफ्तिको म्हणजे पाण्यातून उगवलेले पांढरे सुळके, कमानी आणि गुहा. 'क्लेफ्तिस' म्हणजे चोर. चाच्यांची लपायची जागा. तिथे गाडी जात नाही. पायवाट आहे, उन्हातली आणि खडकाळ, तासाभराची. बहुतेक लोक अदामासहून दिवसभराची होडी करतात. वाटेत सिकियाची छप्पर कोसळलेली गुहा, गेराकासची पुळण आणि उतरून पोहायच्या दोन-तीन जागा. उत्तरेच्या फेरीत ग्लारोनिसिया ही खडकांची बेटं येतात. षटकोनी दगडी खांब एकमेकांना चिकटवून उभे केल्यासारखे. अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहिला असेल तर तीच करामत समुद्रात बघा.

हा दिवस शेवटच्या तारखेला ठेवू नका. पोचल्यावर पहिला शांत वाऱ्याचा दिवस दिसेल तो होडीला द्या. वाऱ्याने फेरी रद्द झाली तर दुसरी तारीख घ्यायला हाताशी दिवस उरतात.

आठवी पायरी: वारा फार असेल तो दिवस इतिहासाला

सात बोफोर असतील त्या दिवशी प्लाकाच्या वस्तुसंग्रहालयापासून सुरुवात करा. सुट्टीचा वार आदल्या दिवशी विचारून घ्या. दारातच मिलोच्या व्हीनसची, म्हणजे प्रेमदेवतेच्या त्या बिनहातांच्या प्रसिद्ध मूर्तीची, प्रतिकृती आहे. मूळ मूर्ती पॅरिसच्या लूव्रमध्ये. १८२०च्या एप्रिलमध्ये एक शेतकरी प्राचीन रंगमंडळाजवळ, म्हणजे उघड्या नाट्यगृहाजवळ, दगड खणून काढत होता, तेव्हा ती तुकड्यांत हाती लागली. ऑलिव्हिए व्हुतिए हा तरुण फ्रेंच नौदल अधिकारी योगायोगाने तिथेच होता. पुढे फ्रेंच वकिलातीने ती मिळवली, राजा अठराव्या लुईला भेट दिली, आणि १८२१ मध्ये ती लूव्रला गेली. दोन मीटरांहून थोडी उंच, इ.स.पू. दुसऱ्या शतकातली, पारोसच्या संगमरवराची. हात कुठे गेले यावर दोनशे वर्षं वाद चालू आहेत. संग्रहालयात प्रतिकृतीपाशी फोटो काढून पळू नका. आत फिलाकोपी या बेटावरच्या प्राचीन शहराची 'बाई' आहे, कांस्ययुगातली रंगवलेली मातीची मूर्ती. तिचे डोळे व्हीनसपेक्षा जास्त लक्षात राहतात.

संग्रहालयातून वर कास्त्रोच्या, म्हणजे जुन्या किल्ल्याच्या, टोकावर चढा, मग खाली त्रिपितीकडे चाला. तिथल्या कातळात सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांची भुयारी दफनस्थळं आहेत. मऊ राखेचा खडक, म्हणून खोदायला सोपा. बाजूलाच रोमन काळातलं संगमरवरी रंगमंडळ, समोर सगळी खाडी. व्हीनस सापडली ती जागाही याच वाटेवर, एका साध्या पाटीने दाखवलेली.

या उतारावरच प्राचीन मिलोस शहर होतं. इ.स.पू. ४१६ मध्ये अथेन्सने त्याला वेढा घातला. मिलोसचे लोक मूळ स्पार्टाच्या बाजूचे, पण अथेन्स आणि स्पार्टाच्या युद्धात तटस्थ राहू म्हणत होते. अथेन्सच्या दूतांचं उत्तर थ्युसिडिडीस या त्या काळच्या इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. त्याचं सार मराठीत चार शब्दांत मावतं: बळी तो कान पिळी. शहर पडल्यावर प्रौढ पुरुषांची कत्तल झाली आणि बायका-मुलं गुलाम म्हणून विकली गेली. लोकशाहीचं माहेर म्हणून शाळेत शिकलेल्या अथेन्सचं हे दुसरं रूप. पायऱ्यांवर बसून खाडीकडे बघताना ते आठवतंच.

नंतरचा इतिहास भराभर सांगतो. तेराव्या शतकापासून व्हेनिसच्या सरदारांची सत्ता, सोळाव्यात तुर्क. मध्ययुगातली राजधानी झेफिरिया सखल जागी होती. अठराव्या शतकात रोगराईने ओस पडली आणि लोक प्लाकाच्या टेकडीवर गेले.

रंगमंडळावरून खाली उतरलं की क्लिमा. पाण्याला टेकलेली रंगीत दारांची घरं, त्यांना सिर्माता म्हणतात. खालच्या मजल्यावर होडी ओढून ठेवायची, वर माणसांनी राहायचं. मागचा भाग खडकातच कोरलेला. दार आणि होडी एकाच रंगाची, म्हणजे समुद्रावरून आपलं घर दुरूनच ओळखू येतं, असं सांगतात. ही लोकांची राहती घरं आहेत. दारातल्या खुर्चीवर बसून फोटो काढण्याआधी विचारा. परतीचा चढ दमवणारा आहे, पाणी शिल्लक ठेवा.

नववी पायरी: रानात पाय टाकण्याआधी

पश्चिम सिक्लाडीसमधल्या मिलोस, किमोलोस, पोलिएगोस आणि सिफनोस या बेटांवरच सापडणारा एक विषारी साप इथे आहे, आपल्या घोणशीच्या कुळातला. संख्या घटलेली, जात संरक्षित. उन्हाळ्यात तो रात्री फिरतो, वसंतात आणि शरदात झुडपात बसून स्थलांतरी पक्ष्यांची वाट बघतो. तुम्हाला तो दिसण्याची शक्यता कमी, तुमच्या गाडीखाली त्याचा जीव जाण्याची जास्त. म्हणून संध्याकाळनंतर पश्चिमेकडे आणि कडेच्या रस्त्यांवर हळू चालवा, आणि झुडपातून चालताना बंद बूट घाला. आणीबाणीला क्रमांक ११२.

शेजारच्या निर्जन पोलिएगोसच्या गुहांमध्ये भूमध्य समुद्रातला दुर्मीळ मंक सील आसरा घेतो. गुहेत पोहत शिरण्याचा आग्रह होडीवाल्याला करू नका. पोलोनियाहून किमोलोसला लहान बोट अर्ध्या तासात जाते. एक दिवस जास्तीचा असेल तर तिकडे जा.

दहावी पायरी: खाणं, आणि 'नै' म्हणजे हो

ग्रीकमध्ये होकाराला 'ने' म्हणतात, आणि तो उच्चार मराठी कानाला चक्क 'नै' लागतो. नकार म्हणजे 'ओखी'. "भाजी आहे का?" विचारल्यावर "ने, ने" ऐकून उठून जाऊ नका.

शाकाहारी माणसाला उपयोगी शब्द 'निस्तिसिमो', म्हणजे उपवासाचं. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवासात मांस, अंडी, दूध वर्ज्य असतं, त्यामुळे हा शब्द उच्चारला की खानावळवाल्याला नेमकं कळतं. फक्त एक फट आहे: त्यांच्या उपवासाला कोळंबी आणि माकूळ चालतात! म्हणून पुढे 'खोरिस थालासिना', समुद्रातलं नको, हे जोडा. फावा मागवा, पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच म्हणा, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. तेलात शिजवलेल्या भाज्या 'लादेरा' नावाखाली मिळतात. मिलोसची खासियत म्हणजे पितराकिया, चीज भरून तळलेल्या छोट्या करंज्या. लादेनिया, टोमॅटो-कांद्याची जाड भाकरी. आणि कलिंगडाचा गोड केक, कार्पुझोपिता. लग्नात वाढतात तो कुफेतो चाखायला मिळाला तर सोडू नका: पांढऱ्या भोपळ्याचे तुकडे, मध आणि बदाम. कोहळ्याच्या मुरंब्यावर वाढलेल्या माणसाला तो परका वाटणारच नाही. नळाचं पाणी पिऊ नका, बाटलीचं घ्या. आणि शौचालयात कागद भांड्यात नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा.

शेवटची पायरी: परतीला एक रात्र अथेन्समध्ये

बेटावरून निघून त्याच दिवशी मुंबईचं विमान पकडायचं, असं कधीही आखू नका. वाऱ्याने बोट थांबली तर थांबली. बंदर-अधिकाऱ्यापुढे कुणाचं काही चालत नाही. अथेन्समध्ये एक रात्र हाताशी ठेवा. बोट वेळेवर सुटली तर तो मोकळा दिवस राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाला द्या. फिलाकोपी या मिलोसच्या कांस्ययुगीन शहरात १८९६ ते १८९९ दरम्यान ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं, तेव्हा हाती लागलेलं भिंतीवरचं एक लहानसं चित्र तिथे आहे: निळे उडते मासे, पंख पसरून पाण्यावर झेपावलेले. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराने मासे लाटांवरून सुटतात तो क्षण नेमका पकडला आहे. तळमजल्यावर आहे, दारात विचारलंत तर वाट दाखवतील.